वयस्कर कुत्रा दत्तक घेतल्यावर : घरात शी-शू न करण्याची सवय कशी लावायची

शेल्टरमधला कुत्रा वर्षानुवर्षं सिमेंटच्या कोब्यावर शू करतो. रोज सकाळी कुणीतरी पाइपने पाणी मारून, फिनेल टाकून तो कोबा धुतं. पुढे तोच कुत्रा तुमच्या घरी येतो, नुकत्याच फिनेलने पुसलेल्या फरशीवर उभा राहतो आणि शू करतो. त्याच्या लेखी त्याचं काहीच चुकलेलं नसतं. ओळखीची जमीन आणि ओळखीचा वास सापडला म्हणून त्याने शू केली.

हे ध्यानात आलं की वयस्कर कुत्र्याबद्दलची निम्मी काळजी मिटते. 'आता या वयात काय शिकणार' असं ज्याच्या त्याच्या तोंडी असतं, पण ते खरं नाही. पिल्लाला मूत्राशयावर ताबाच नसतो. सात-आठ वर्षांच्या निरोगी कुत्र्याला तो असतो आणि तो सहा ते आठ तास सहज धरू शकतो. त्यामुळे शरीर धडधाकट असेल तर वयस्कर कुत्रा पिल्लाच्या आधी शिकतो. बऱ्याच घरांत तीन ते सहा आठवड्यांत फरशी कोरडी राहू लागते. अडतं ते दोन ठिकाणी. एक तर शरीर साथ देत नाही, नाहीतर जुनी सवय वेगळ्याच जमिनीची असते. या दोन्ही गोष्टी आधी तपासायच्या, वेळापत्रक त्यानंतर. उलट क्रमाने गेलात तर महिनोन्‌महिने हातातलं फडकं सुटत नाही.

आणण्याआधी हे विचारून घ्या

शेल्टरमध्ये किंवा तात्पुरता सांभाळ करणाऱ्यांकडे चौकशी करताना स्वभावाबद्दल सगळेच विचारतात. त्यासोबत हेही विचारा: तो शू कुठे करतो, मातीवर, गवतावर, सिमेंटवर की वर्तमानपत्रावर? पट्टा लावलेला असताना करतो का? दिवसातून किती वेळा, किती वाजता? रात्री पिंजरा कोरडा असतो का? खाणं कोणतं आणि कधी? आणि औषधं काय चालू आहेत? स्टिरॉइडची गोळी किंवा हृदयासाठी लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर तो जास्त पाणी पिणार आणि जास्त वेळा शू करणार. त्याला सवयीचा प्रश्न समजून चालणार नाही.

पूर्वायुष्यावरून बराच अंदाज येतो. रस्त्यावर वाढलेल्या देशी कुत्र्याला आपली झोपायची जागा सोडून लांब मातीत जायची सवय असते, म्हणून तो चटकन शिकतो. त्याची अडचण वेगळी असते: पट्ट्याला बांधलेलं असताना, माणसाने पाहत असताना त्याला शू होत नाही. मालक वारला किंवा परदेशी गेला म्हणून सोडलेल्या घरच्या कुत्र्याला नियम माहीत असतात, पण तुमच्या घराचं दार कोणतं आणि 'बाहेर जायचंय' हे तुम्हाला कसं सांगायचं, ते माहीत नसतं. सगळ्यात जास्त वेळ लागतो तो पिल्लं काढण्यासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या माद्यांना. जिथे झोपायचं तिथेच घाण करण्यावाचून त्यांना पर्याय नव्हता, आणि आपलं अंथरूण कोरडं ठेवण्याची उपजत ओढही त्यात मरून जाते. ती परत यायला चार-सहा महिने लागले तरी ते वावगं समजू नका.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टर

वयस्कर कुत्र्याच्या बाबतीत ही पायरी टाळता येत नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, नसबंदी न झालेल्या नराची वाढलेली प्रोस्टेट, यांतलं काहीही असलं तर कितीही शिस्तीत वेळापत्रक पाळलं तरी उपयोग नाही. मादीची नसबंदी झालेली नसेल आणि माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या काही माद्यांना झोपेत नकळत थेंब-थेंब शू गळते, उठल्यावर अंथरूण ओलं दिसतं आणि तिचं तिलाच कळत नाही. यावर औषध आहे आणि ते बहुधा चांगलं लागू पडतं. तिला शिकवत बसण्यात अर्थ नाही.

जाण्याआधी घरी दोन कामं करून ठेवा.

पहिलं, पाणी मोजा. सकाळी मापाने भांडं भरा, दिवसभरात जितकी भर घालाल तितकी लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं वजा करा. असं तीन दिवस. कुत्रा साधारणपणे किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली पाणी पितो. उन्हाळ्यात थोडं जास्त, दही-भात किंवा रस्सा खाणारा असेल तर कमी. किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं, म्हणजे १५ किलोचा कुत्रा रोज दीड लिटरहून जास्त पीत असला, तर तो आकडा डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे.

दुसरं, सकाळच्या पहिल्या शूचा नमुना. यासाठी घरातला लांब दांड्याचा डाव उत्तम. तो उकळत्या पाण्याने धुऊन कोरडा करा. कुत्रा बसतो तेव्हा मागून वाकू नका, तो दचकून उठतो. त्याच्या बाजूला, त्याच दिशेला तोंड करून उभे राहा, धार सुरू झाल्यावर दोन सेकंद जाऊ द्या आणि मग डाव हळूच खाली सरकवा. दोन-तीन चमचे पुरतात. ते औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत ओता आणि तासाभरात पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. जंतूंची कल्चर तपासणी करायची असेल तर मात्र डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतात, कारण डावातल्या नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळतात. शूचा रंग गडद, कोऱ्या चहासारखा किंवा कॉफीसारखा दिसला तर गोचीड तापाची शंका घ्या आणि थांबू नका.

रक्ततपासणीसोबत सांधेही बघायला सांगा. शी करताना तो पुढे चालतच राहतो का, बसताना मागचे पाय थरथरतात का, नर असून पाय वर करायचं सोडून मादीसारखा बसतो का? ही कंबर किंवा मागचे सांधे दुखण्याची लक्षणं आहेत. ज्याला खाली वाकणंच दुखतं तो अर्धवट शू करून घरी येतो आणि उरलेली वीस मिनिटांनी फरशीवर होते. दुखणं कमी झालं की ती 'वाईट सवय' आपोआप जाते. मात्र आपल्या घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी त्याला कधीही देऊ नका. कुत्र्यांना ती विषासमान ठरू शकते.

घर तयार करताना

पहिले तीन आठवडे फरशीवरची पायपुसणी, सतरंज्या, गालिचे सगळं उचलून ठेवा. मऊ आणि शू शोषून घेणारं काहीही कुत्र्याच्या पायाला गवतासारखं लागतं. बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर शू होते यामागे एवढंच कारण असतं. गॅलरीतल्या कुंड्याही जमल्यास उंचावर न्या, कारण रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याला माती दिसली की तीच त्याची जागा.

पण सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला गुळगुळीत टाइल्सवर उभंच राहता येत नाही. घसरण्याच्या भीतीने तो दारापर्यंत येत नाही आणि बसल्या जागी करतो. त्याच्यासाठी अंथरुणापासून मुख्य दारापर्यंत खाली रबर असलेल्या मॅटची एक पायवाट घाला, कापडी नको. नखं कापा, पंजाखालच्या गाद्यांमधले केस वाढले असतील तर तेही कापा. फक्त एवढ्याने दारापर्यंत स्वतःहून चालत येणारे कुत्रे आहेत.

सुरुवातीला त्याला सगळं घर मोकळं देऊ नका. तुम्ही ज्या खोलीत असाल तिथेच तो. सहा फुटी पट्टा कमरेला किंवा खुर्चीच्या पायाला अडकवा, म्हणजे तो नजरेआड होत नाही. लक्ष ठेवणं शक्य नसेल तेव्हा त्याचं अंथरूण आणि पाणी असलेली छोटी खोली. दार लावण्याऐवजी लहान मुलांसाठी असतं तसं जाळीचं फाटक लावलं तर त्याला कोंडल्यासारखं वाटत नाही. पिंजऱ्यात राहिलेल्या कुत्र्याला पुन्हा पिंजऱ्यात ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वेळापत्रक

शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी कुत्रा घरी आणा आणि पुढचे चार-पाच दिवस कुणीतरी घरी राहील असं बघा. गाडीतून उतरल्यावर आधी त्याच्या ठरलेल्या जागेवर न्या. शू झाल्यावरच घराचा उंबरठा ओलांडायचा. शेल्टरमधून येताना त्याची शू लागलेला वर्तमानपत्राचा तुकडा पिशवीत घालून आणलात आणि त्या जागेवर घासलात तर पहिल्या दिवसाचा ताण खूप कमी होतो.

पहिले दोन आठवडे दिवसातून सहा-सात फेऱ्या धरा. सकाळी सहाला, तो डोळे उघडून आळस देतो त्याच क्षणी, चहा नंतर. सातला खाणं, आणि खाल्ल्यावर वीस मिनिटांनी दुसरी फेरी, कारण पोटात अन्न गेलं की आतडी हलतात आणि बहुतेक कुत्र्यांना पंधरा ते तीस मिनिटांत शी होते. मग अकराला, दुपारी तीनला, साडेसहाला. रात्रीचं खाणं साडेसातला, पुन्हा वीस मिनिटांनी खाली, आणि झोपण्याआधी पावणेअकराला शेवटची. दुपारच्या गाढ झोपेतून उठला किंवा पाहुणे आल्याने उड्या मारल्या, की मधली एक जादा फेरी. दहा वर्षांपुढच्या कुत्र्यासाठी पहाटे तीनचा गजर लावावा लागला तर लावा. तो पुढे रोज पंधरा मिनिटांनी सरकवत सकाळवर नेता येतो.

खाण्याचं भांडं वीस मिनिटांनी उचलायचं. दिवसभर भरलेलं भांडं समोर राहिलं तर शीची वेळ कधीच बसणार नाही. आहार बदलायचा असेल तर सात दिवसांत थोडा-थोडा बदला. नव्या घरी आल्याच्या आनंदात दूध, बिस्किटं, मटणाचा रस्सा एकदम सुरू करू नका. जुलाब लागले की कुत्रा धरू शकत नाही आणि शिकवलेलं सगळं विस्कटतं. पाणी मात्र वयस्कर कुत्र्याचं कधीही तोडू नका, रात्रीसुद्धा नाही. मूत्रपिंड कमकुवत असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

फ्रीजवर एक कागद चिकटवा: वेळ, शू, शी, कुठे, आधी काय चाललं होतं. पाच दिवसांत दिसतं की घरातल्या चारपैकी तीन चुका दुपारी दीड ते अडीचमध्ये होताहेत. मग तीनची फेरी दीडला घ्या. त्या कागदाइतकं दुसरं काहीच उपयोगी पडत नाही. सलग दहा दिवस कोरडे गेले की दोन फेऱ्यांमधलं अंतर अर्ध्या तासाने वाढवा. हळूहळू चार-पाच फेऱ्यांवर स्थिरावतं. म्हाताऱ्या कुत्र्याला त्याहून कमी फेऱ्यांत बसवायचा हट्ट धरू नका.

घरात सगळेच नोकरीला जाणारे असतील तर दुपारच्या फेरीसाठी माणूस ठरवावाच लागेल. नाहीतर गॅलरीत तीन फूट बाय दोन फुटांचा, दोन-तीन इंच खोल ट्रे ठेवा, त्यात माती आणि हरळी. पाणी जायला भोकं हवीत आणि खाली दुसरा ट्रे, म्हणजे खालच्या मजल्यावर गळणार नाही. हरळी दोन-तीन आठवड्यांत जळते, तेव्हा आलटून पालटून वापरायला दोन ट्रे लागतात.

जागेवर गेल्यावर

रोज त्याच दारातून, त्याच वाटेने, त्याच दहा-बारा फुटांच्या तुकड्यावर जायचं. तिथे थांबायचं. चालत राहायचं नाही, मोबाइल काढायचा नाही, 'कर ना, कर ना' म्हणत मागे लागायचं नाही. दहा मिनिटं, म्हाताऱ्या कुत्र्याला पंधरा.

नीट बघितलं तर कुत्रा आधी सांगतो. इकडचा-तिकडचा वास घेणारं नाक एकदम एकाच जागी खिळतं, वास घेण्याचा वेग वाढतो, पावलं आखूड होतात, एक-दोन गोल फेऱ्या होतात आणि शेपटीचं मूळ किंचित उचललं जातं. धार लागली की हलक्या आवाजात एकच शब्द, 'शू-शू' किंवा जो ठरवाल तो, पण घरातल्या सगळ्यांचा एकच. धार चालू असताना कौतुक करू नका. अनेक कुत्रे आवाजाने मध्येच थांबतात आणि उरलेली शू घरी घेऊन येतात. शरीर सरळ झालं, की दोन सेकंदांच्या आत उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा. तो खिशातच हवा. घरी येऊन डब्यातून काढून दिलात तर बक्षीस मिळालं ते घरात शिरल्याबद्दल.

आणि आता सगळ्यात जास्त होणारी चूक: शू झाली की लगेच घरी परत फिरणं. कुत्रा दोन दिवसांत हिशोब करतो, की शू केली की फिरणं संपतं, आणि मग तो धरून ठेवतो. शू झाल्यावरच खरं फिरायला न्यायचं. नाहीच झाली तर मुकाट्याने घरी, पट्टा तसाच, तुमच्या जवळ पंधरा-वीस मिनिटं, आणि पुन्हा खाली. पहिल्या आठवड्यात हे एका सकाळी तीनदा करावं लागू शकतं.

पट्ट्यावर शू न करणाऱ्या कुत्र्यासाठी चार-पाच मीटरची हलकी दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, लावा, ढिली सोडा, पाठ फिरवून उभे राहा. दुसऱ्या कुत्र्याने शू केलेल्या खांबापाशी किंवा झाडापाशी न्या. अनोळखी कुत्र्याला रस्त्यावर मोकळं सोडून मात्र बघू नका. पहिल्या महिन्यात तो पळाला तर परत घरी यायची वाट त्याला माहीत नसते.

सिमेंटची सवय असलेल्याला पहिल्याच दिवशी गवतावर उभं करून उपयोग नसतो. सुरुवात पार्किंगच्या कोपऱ्यातल्या किंवा गल्लीतल्या सिमेंटवर करा, बादलीभर पाणी सोबत न्या आणि लगेच धुऊन टाका. ते जमलं की दर दोन-तीन दिवसांनी तीन-चार फूट मातीच्या कडेकडे सरका. पायाखालची जमीन बदलायला दोन-तीन आठवडे लागतात.

घरात झालीच तर

करताना दिसला तर ओरडू नका. 'चल, चल' म्हणत शांतपणे उठवा आणि खाली न्या, उरलेली तिथे केली तर बक्षीस द्या. नंतर सापडलं तर फक्त पुसा. नाक घासणं, वर्तमानपत्राच्या सुरळीने मारणं, कोपऱ्यात उभं करणं यातून कुत्रा एकच गोष्ट शिकतो: माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग तो खाली तुमच्यासमोर करत नाही आणि घरी येऊन सोफ्यामागे करतो. त्याचा तो 'चूक कळल्याचा' चेहरा, मागे गेलेले कान, चोरटी नजर, ही तुमच्या चढलेल्या आवाजाची आणि ताठ झालेल्या खांद्यांची भीती असते. तासाभरापूर्वीच्या शूशी तो त्याचा संबंध जोडू शकत नाही.

पुसण्याची पद्धत महत्त्वाची. आधी जुन्या कापडाने किंवा वर्तमानपत्राने दाबून सगळं टिपून घ्या, घासून पसरवू नका. मग साधं पाणी. त्यानंतर पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइमचं क्लीनर भरपूर ओतून, बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या. बहुतेक जण लगेच पुसतात आणि मग ते कामच करत नाही. गादी असेल तर शू जितकी खोल गेली तितकं ते खोल जायला हवं. टाइल्सच्या सांध्यांत शू मुरते, तिथे जुन्या टूथब्रशने लावा. फिनेल वासावर वास चढवतं. आपल्या नाकाला बरं वाटतं, कुत्र्याच्या नाकाला खालची शू तशीच येते. आधी फिनेल ओतलं तर नंतरचं एन्झाइमही नीट चालत नाही.

एन्झाइम मिळालं नाही तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं चालतं, पण फक्त व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक टाइल्सवर. शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. आम्लाने त्यांची झिलई जाते, डाग कायमचा पडतो आणि उघड्या पडलेल्या पृष्ठभागात पुढची शू आणखी मुरते. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, शूवर थेट ब्लीचही ओतू नका. दोन्हींतून विषारी वायू निघतात. वास येतो पण जागा सापडत नाही अशा वेळी रात्री दिवे घालवून अतिनील किरणांची छोटी टॉर्च फिरवा, वाळलेली शू पिवळसर-हिरवट चमकते.

पावसाळ्यात पुसताना हातमोजे घाला. लेप्टोस्पायरोसिस शूतून माणसांना होतो. कुत्र्याला त्याची लस दिली आहे का, हे कार्डावर बघून घ्या.

सवयीशी संबंध नसलेली शू

पाहुण्यांनी वाकून डोक्यावर हात ठेवला की पोट दाखवत थोडीशी शू होते, ती भीतीची. त्यावर उपाय एकच: पाहुण्यांनी दुर्लक्ष करायचं, नंतर बाजूला बसून छातीखालून हात लावायचा. सोफ्याचा पाय, दाराची चौकट, गॅस सिलिंडर अशा उभ्या वस्तूंवर चमचाभर शू उडवलेली असेल तर ती आपली हद्द दाखवायची खूण आहे. नसबंदी झालेली नसेल तर डॉक्टरांशी बोला. शेल्टरमधल्या देशी कुत्र्याच्या एका कानाला कापलेली खाच असेल तर ती शस्त्रक्रिया झाल्याची निशाणी असते. आणि तुम्ही दार लावून गेल्यावरच, पंधरा-वीस मिनिटांत, ओरडणं आणि दार ओरबाडण्यासोबत शू-शी होत असेल, तर ती एकटेपणाची घबराट आहे. एक मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जा म्हणजे कळेल. त्यावर वेळापत्रक उपयोगाचं नाही. एक मिनिट, तीन मिनिटं, सात मिनिटं असं एकटं राहायला शिकवावं लागतं.

लिफ्ट, पाऊस, फटाके

चौथ्या मजल्यावरून खाली जाईपर्यंत म्हाताऱ्या कुत्र्याला दम धरवत नाही. आधी लिफ्ट बोलवा, मग कुत्र्याला उठवा. सोसायटीने लिफ्टला मनाई केली असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक सूचना कमिटीला दाखवा. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरण्यास सोसायटीने बंदी घालू नये, असं त्यात म्हटलं आहे. त्याचबरोबर शी उचलायची पिशवी आणि पाण्याची बाटली तुमच्या हातात रोज दिसली पाहिजे. शेजाऱ्यांची मनं त्या बाटलीने जिंकली जातात.

जूनमध्ये पाऊस लागला की मेपर्यंत नीट शिकलेला कुत्रा जिन्यातच अडून बसतो. छत्रीची तयारी एप्रिल-मेमध्येच करा: घरात उघडी छत्री ठेवून तिच्याखाली खाऊ द्यायचा, मग तिच्याखाली चालायचं. पत्र्याच्या शेडखालची किंवा इमारतीच्या सज्जाखालची एक जागा कोरड्या दिवसांतच दुसरी जागा म्हणून लावून ठेवा. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, आल्यावर पंजे पुसून कोरडे करा. दिवाळीत संध्याकाळची फेरी पाचच्या आत आटपा आणि पट्ट्यासोबत हार्नेसही घाला, घाबरलेला कुत्रा गळ्यातला पट्टा सहज काढून निसटतो. त्या चार दिवसांत गॅलरीतला हरळीचा ट्रे सोन्यासारखा उपयोगी पडतो.

नीट शिकल्यावर पुन्हा व्हायला लागली तर

दोन-तीन महिने कोरडे गेले आणि अचानक घरात शू व्हायला लागली, तर कुत्रा बिघडला असं समजू नका. पुन्हा पाणी मोजा, पुन्हा डाव घ्या, पुन्हा डॉक्टर. तपासण्या ठीक आल्या, तरी तो दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभा राहत असेल, कोपऱ्यात अडकत असेल, दिवसा झोपून रात्रभर येरझाऱ्या घालत असेल, खालून येऊन पाच मिनिटांत शू करत असेल, तर ते मेंदूचं म्हातारपण आहे. त्यालाही औषधं आहेत, ती सुरुवातीला दिली तर जास्त उपयोगी पडतात. अशा कुत्र्याला आठवण राहील असं धरू नका. दर तीन तासांनी तुम्हीच न्या, रात्री बारीक दिवा चालू ठेवा, फर्निचरची जागा बदलू नका.

काही कुत्रे पूर्ण कोरडे राहणारच नाहीत, हे मान्य करून त्यांची सोय करावी. नरासाठी पोटाला गुंडाळायचा पट्टा, मादीसाठी शेपटीचं भोक असलेलं डायपर. तीन-चार तासांनी बदलायचं, प्रत्येक वेळी कोमट पाण्याने पुसून कोरडं करायचं, नाहीतर दोन दिवसांत कातडी लाल होऊन सोलते. लहान मुलांच्या रॅशचं झिंक असलेलं मलम लावू नका, कुत्रा चाटतो आणि झिंक पोटात गेलं तर विषबाधा होते. कुत्र्यासाठीचं मलम डॉक्टरांकडून घ्या. अंथरुणाला तीन थर करा: खाली रेक्झिनचं किंवा रबराचं कापड, त्यावर जाडसर फोम, तोही प्लॅस्टिकच्या खोळीत शिवून, आणि वर धुवायला सोपी सुती गोधडी. गोधड्या किमान तीन हव्यात. पावसाळ्यात एक अंगाखाली असते, एक धुतलेली असते आणि तिसरी पंख्याखाली वाळत असते.